दूरस्थ सर्व्हरवरील मास्टरनोड : वसई-विरारकरांच्या दृष्टीने एक आढावा

आभासी चलनाचा विषय निघाला की बोलणे बहुधा भावापाशी येऊन थांबते. काल भाव काय होता, आज काय आहे, त्या वेळी घेतले असते तर आज काय झाले असते, एवढ्यातच विरारहून निघालेल्या लोकलला अंधेरी येते. आणि त्या चलनाची वही ज्या यंत्रांवर अहोरात्र लिहिली व तपासली जाते ती यंत्रे कोण चालवतो, त्याला मोबदला कोणाच्या पदरातून मिळतो आणि त्याच्या शिरावर जबाबदारी कोणती येते, हा अधिक महत्त्वाचा प्रश्न अविचारित राहतो. गेल्या दहा-बारा वर्षांत ‘मास्टरनोड’ या नावाने अशी एक व्यवस्था रूढ झाली आहे की जिच्यात कोणीही गृहस्थ ठरावीक नाणी तारण ठेवून, भाड्याने घेतलेल्या लिनक्स सर्व्हरवर एक प्रणाली अखंड चालू ठेवून, त्या वहीच्या कारभारात भागीदार होऊ शकतो. वसई, नालासोपारा, विरार या पट्ट्यातील संगणकक्षेत्रात नोकरी करणाऱ्या तरुणांपुढे ही व्यवस्था ‘घरबसल्या उत्पन्न’ या आकर्षक शब्दांत मांडली जाते. तिच्यातील तंत्र किती, अर्थकारण किती आणि कायदा किती, याचा साकल्याने विचार करणे मला अगत्याचे वाटते. कारण माझ्या समजुतीप्रमाणे यातील तंत्र हा सोपा आणि उपयुक्त भाग आहे, आणि धोका आहे तो सर्वस्वी तारणात.

बिटकॉइनची कल्पना सातोशी नाकामोतो या टोपणनावाखाली ऑक्टोबर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात प्रथम मांडली गेली आणि ३ जानेवारी २००९ रोजी तिचा पहिला ब्लॉक लिहिला गेला. त्या रचनेत वहीचे नवे पान लिहिणाऱ्या मायनरला नवी नाणी मिळतात. परंतु संपूर्ण वहीची नक्कल जवळ बाळगून प्रत्येक नोंद नियमानुसार आहे की नाही हे पाहणाऱ्या, म्हणजे वस्तुतः सर्व व्यवस्थेचा पहारा करणाऱ्या, साध्या नोडला एक कवडीही मिळत नाही. विजेचा व जागेचा खर्च सोसून हा पहारा केवळ निष्ठेने किती काळ चालेल, ही शंका इव्हान डफील्ड या अमेरिकन प्रोग्रामरला आली. त्याने १८ जानेवारी २०१४ रोजी ‘एक्सकॉइन’ या नावाने सुरू केलेले चलन अल्पावधीत ‘डार्ककॉइन’ झाले आणि मार्च २०१५ पासून ‘डॅश’ या नावाने ओळखले जाऊ लागले. मास्टरनोडची योजना याच चलनात २०१४ मध्ये प्रथम अंमलात आली: ज्याच्यापाशी १००० नाणी आहेत त्याने ती बाजूला ठेवावी, एक सर्व्हर सदैव जागा ठेवावा, आणि प्रत्येक ब्लॉकबरोबर जी नवी नाणी निर्माण होतात त्यांतील वाटा पाळीपाळीने घ्यावा. २०२० पूर्वी काही वर्षे हा वाटा मायनरला ४५ टक्के, मास्टरनोडला ४५ टक्के आणि समाईक खजिन्याला १० टक्के असा होता. २०२० पासून मास्टरनोडचा हिस्सा क्रमाक्रमाने वाढवण्यात आला.

तारणाची ही अट केवळ ऐपत पाहण्यासाठी घातलेली नाही. नोड फुकट उभारता आला असता तर एखाद्या दुष्ट हेतूच्या मनुष्याने एका रात्रीत दहा हजार बनावट नोड उभे करून बहुमत आपल्या खिशात घातले असते. प्रत्येक नोडमागे १००० नाणी गुंतवावी लागत असल्यामुळे असा उपद्व्याप करणाऱ्याला प्रथम बाजारातील नाण्यांचा मोठा साठा विकत घ्यावा लागतो, आणि त्या खरेदीनेच भाव चढून बेत महाग पडतो. मास्टरनोडकडे कामेही खरीच सोपवलेली आहेत. व्यवहार क्षणार्धात पक्का करणे, नाणी परस्परांत मिसळून त्यांचा माग अस्पष्ट करणे, २०१९ पासून ‘चेनलॉक’ या योजनेनुसार प्रत्येक नव्या ब्लॉकवर सामुदायिक स्वाक्षरी करून तो मागाहून कोणालाही फिरवता येऊ नये अशी तजवीज करणे, आणि खजिन्यातील रक्कम कोणत्या कामावर खर्चावी यावर मत देणे, ही त्यांतील प्रमुख होत.

या मूळ योजनेची अनुकरणे पुष्कळ झाली. डॅशच्याच प्रणालीतून २०१६ मध्ये निघालेल्या पिव्हएक्सने तारण १०,००० नाण्यांचे ठेवले. सिंगापूरमध्ये नोंदलेल्या, परंतु भारतीय संस्थापकांनी उभारलेल्या एक्सडीसी नेटवर्कने, ज्याची मुख्य साखळी जून २०१९ मध्ये सुरू झाली, मास्टरनोडची संख्या १०८ एवढीच मर्यादित ठेवून प्रत्येकामागे एक कोटी नाण्यांचे तारण मागितले आणि चालकाने आपल्या ओळखीचा दाखलाही सादर करावा अशी अट घातली. निनावीपणाचा अभिमान बाळगणाऱ्या या क्षेत्रात ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. खुद्द मुंबईत २०१७ मध्ये जयंती कनानी, संदीप नेलवाल आणि अनुराग अर्जुन यांनी आरंभलेल्या मॅटिक नेटवर्कमध्ये, जे फेब्रुवारी २०२१ पासून पॉलिगॉन म्हणून ओळखले जाते, मास्टरनोड नसून व्हॅलिडेटर, म्हणजे तारण ठेवून नोंदी तपासणारे व पक्क्या करणारे चालक, आहेत. त्यांची संख्या शंभराच्या आसपास मर्यादित असल्यामुळे सामान्य गृहस्थाला तेथे सहजासहजी प्रवेश नाही. परंतु त्या साखळीच्या चाचणी-जाळ्याचे नाव एप्रिल २०२४ पर्यंत ‘मुंबई’ असे होते, आणि देशोदेशीच्या असंख्य प्रोग्रामरांनी आपले पहिले प्रयोग या नावाच्या जाळ्यावर केले, याचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. इथेरियमने १५ सप्टेंबर २०२२ रोजी मायनिंगचा त्याग करून ३२ नाण्यांच्या तारणावर चालणारी पद्धती पूर्णपणे स्वीकारली. तिच्यात व मास्टरनोडमध्ये एक मूलभूत भेद आहे: इथेरियमच्या व्हॅलिडेटरने परस्परविरुद्ध स्वाक्षऱ्या केल्यास त्याच्या तारणाचा काही भाग जप्त होतो, तर डॅशच्या मास्टरनोडने कर्तव्यात कसूर केली तर त्याची पाळी जाते, यादीतून त्याला बाजूला काढले जाते, परंतु मूळ १००० नाणी त्याचीच राहतात.

आता सर्व्हर दूरस्थ का, याचा विचार करू. वसईच्या घरातील संगणकावरच हा नोड का चालवू नये, असे कोणालाही वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मास्टरनोडला स्थिर असा सार्वजनिक आयपी पत्ता लागतो, जेणेकरून जगातील इतर नोड त्याला केव्हाही गाठू शकतील. आणि घरगुती इंटरनेट-जोडण्यांत बहुधा एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवलेले असल्यामुळे बाहेरून आत येणारी हाक आपल्या संगणकापर्यंत पोहोचतच नाही. दुसरे कारण विजेचे. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले, रेल्वे बंद पडली आणि अनेक वस्त्यांत वीज नव्हती, हे ज्यांनी भोगले आहे त्यांना ‘अखंड चालू’ या दोन शब्दांचे मोल निराळे सांगावयास नको. तेवढे मोठे संकट नसले तरी पावसाळ्यात फीडर बंद पडणे आणि दुरुस्तीसाठी ठरलेल्या वारी पुरवठा खंडित होणे ही येथील नित्याची बाब आहे. घरातील इन्व्हर्टर दिव्या-पंख्यापुरता तग धरतो, राउटर आणि संगणक दिवसभर त्याच्यावर सोडता येत नाहीत. म्हणून डेटा सेंटरमधील मोठ्या यंत्राचा एक विभाग, ज्याला व्हीपीएस म्हणतात, महिन्याच्या भाड्याने घेणे हाच रूढ मार्ग आहे. अमेझॉनने मुंबई विभाग २०१६ मध्ये सुरू केल्यानंतर असे यंत्र देशातच मिळणे अधिक सोपे झाले; परंतु डॅशचा ब्लॉक अडीच मिनिटांनी येणारा असल्यामुळे यंत्र मुंबईत असो की फ्रँकफुर्टमध्ये, कामात फारसा फरक पडत नाही.

डॅशचा मास्टरनोड उदाहरणादाखल घेतला तर उभारणीच्या कामाला येथून प्रारंभ होतो. दोन प्रोसेसर, चार गीगाबाइट मेमरी आणि वही मावेल व वाढेल एवढी डिस्क असलेले यंत्र, त्यावर उबुंटूची दीर्घ मुदतीचा आधार असलेली आवृत्ती, एवढ्याने निभावते; भाडे महिन्याला साधारण दीड-दोन हजार रुपये पडते. यंत्राशी सर्व बोलणे एसएसएच या मार्गाने होते. हेलसिंकी येथील तातू इलोनेन याने १९९५ मध्ये, आपल्या विद्यापीठाच्या जाळ्यात कोणी पासवर्ड चोरून वाचत असल्याचे आढळल्यावर, हा मार्ग निर्माण केला. आजही नव्या चालकाला पहिला धडा याच चोरीचा मिळतो. यंत्र सुरू करून काही तास जाऊ द्यावेत आणि मग लॉगिनच्या प्रयत्नांची जी नोंद ‘ऑथ-लॉग’ या फाइलीत होते ती उघडून पाहावी: ‘रूट’साठी चुकीचा पासवर्ड, ‘अॅडमिन’साठी चुकीचा पासवर्ड, ‘टेस्ट’, ‘उबुंटू’, ‘ओरॅकल’, अशा ओळींमागून ओळी, प्रत्येकीपुढे निराळ्या देशातील पत्ता आणि दोन ओळींत काही सेकंदांचे अंतर. हे कोणी आपल्यावर पाळत ठेवून केलेले नसते. इंटरनेटवरील प्रत्येक पत्त्याचे दार ठोठावत फिरणारी यंत्रे असतात. त्यांच्यापैकी एकाचा अंदाज बरोबर ठरला की यंत्र आपले राहत नाही. म्हणून नोडची प्रणाली उतरवून घेण्यापूर्वी, अगदी पहिल्याच बैठकीत, एसएसएचच्या किल्ल्यांची जोडी आपल्या संगणकावर तयार करावी, सर्व्हरवर रोजच्या कामासाठी स्वतंत्र युजर निर्माण करावा, जोडीतील सार्वजनिक किल्ली तेवढी त्याच्या नावे सर्व्हरवर ठेवावी, मग पासवर्डने व ‘रूट’ नावाने प्रवेश बंद करावा, आणि यूएफडब्ल्यू या फायरवॉलने एसएसएचचा २२ व डॅशचा ९९९९ हे दोन पोर्ट सोडून बाकी सर्व दारे लावून घ्यावीत. हा क्रम चुकवू नये: फायरवॉल सुरू करण्याआधी २२ क्रमांकाला परवानगी दिली नाही तर मालकच बाहेर राहतो. ९९९८ हा पोर्ट, ज्यातून नोडला आज्ञा दिल्या जातात, बाहेरच्या जगाला कधीही खुला करू नये.

यानंतरची गोष्ट या सर्व व्यवस्थेतील सर्वांत सुंदर आहे, आणि दुर्दैवाने तीच पुष्कळांना समजावून सांगितली जात नाही. तारणाची नाणी सर्व्हरवर ठेवायचीच नसतात. ती आपल्या घरातील वॉलेटमध्ये, किंबहुना ट्रेझर अथवा लेजर यांसारख्या निराळ्या उपकरणात राहतात. सर्व्हरवर जाते ती केवळ कामकाजापुरती किल्ली. डॅशमध्ये २०१९ पासून प्रचारात आलेल्या नोंदणीपद्धतीने हा भेद अधिक स्पष्ट केला. मालकीची किल्ली एक, जिने चालक व मतदार बदलता येतात. मुखत्यारीची किल्ली दुसरी, जी सर्व्हरवर राहते आणि नोडच्या वतीने स्वाक्षऱ्या करते. मतदानाची किल्ली तिसरी, जी हवी तर अन्य कोणाकडे सोपवता येते. आणि उत्पन्न ज्या पत्त्यावर जमा व्हायचे तो पत्ता या तिन्हींहून वेगळा. जमीनजुमल्याचा मालक गावी आणि मुखत्यार कचेरीत ही आपली जुनी वहिवाट आहे, तीच येथे गणिताच्या बळाने बांधली गेली आहे. त्यामुळे सर्व्हरवर दरोडा पडला तरी चोराच्या हाती मुखत्यारी लागते, मालकी नाही. मालक घरी बसून त्याची मुखत्यारी रद्द करू शकतो. ज्या योजनेत कोणी आपल्याला सांगतो की नाणी आमच्या सर्व्हरवर पाठवा, बाकीचे आम्ही पाहतो, तेथे हा संरक्षक भेदच नाहीसा झालेला असतो आणि त्या योजनेपासून दूर राहावे, असे मी निःसंदिग्धपणे सांगेन.

तारण बाजूला काढताना एक बारकावा सांभाळावा लागतो. १००० नाणी एकाच व्यवहाराने, आपल्याच एका नव्या पत्त्यावर, तंतोतंत पाठवायची असतात. वॉलेटमध्ये ‘शुल्क रकमेतून वजा करा’ या चौकटीवर खूण राहिली तर पलीकडे ९९९ आणि वर काही दशांश एवढे पोहोचतात, आणि नोंदणी होत नाही. तसेच त्या रकमेतील एक नाणे जरी पुढे कधी खर्च झाले तरी मास्टरनोड यादीतून तत्काळ गळतो. म्हणून वॉलेटमध्ये ती रक्कम कुलूपबंद करून ठेवण्याची सोय असते, ती वापरावी. मग घरच्या वॉलेटमधून नोंदणीचा व्यवहार तयार करावा, तारणाच्या किल्लीने त्यावर स्वाक्षरी करावी आणि तो जाळ्यात सोडावा. सर्व्हरवर नोडच्या कॉन्फ (मांडणीच्या) फाइलीत मुखत्यारीची खासगी किल्ली व यंत्राचा बाह्य पत्ता लिहावा, प्रणाली सुरू करावी आणि वही उतरून होईपर्यंत वाट पाहावी. हे काम काही तासांचे असते. शेवटी स्थिती विचारली असता ‘रेडी’ असे उत्तर आले की उभारणी पुरी झाली. संगणकाची बऱ्यापैकी ओळख असलेल्या मनुष्याला एक सुटीचा दिवस यासाठी पुरतो. नवशिक्याने हे सर्व प्रथम चाचणी-जाळ्यावर करावे, जेथे नाणी निर्मूल्य असून फुकट मिळतात आणि बाकी पायऱ्या बहुतांशी तशाच असतात.

परंतु उभारणी हा आरंभ आहे. राखण त्याहून दीर्घ. सामुदायिक स्वाक्षरी करणाऱ्या नोडांचे मंडळ तयार होताना आपला नोड गैरहजर राहिला तर त्याच्या नावावर दंडगुण चढतात. एका गैरहजेरीला कमाल मर्यादेच्या ६६ टक्के, आणि नंतर प्रत्येक ब्लॉकमागे एक गुण उतरतो, असा नियम असल्यामुळे लागोपाठ दोनदा चुकलेला नोड बाद होतो व पुन्हा अर्ज करीपर्यंत त्याला पाळी नाही. नवी आवृत्ती मुदतीत न चढवणे, डिस्क भरणे, मेमरी अपुरी पडून प्रणाली मरणे, भाड्याचे कार्ड मुदतबाह्य होऊन यंत्रच बंद केले जाणे, ही नेहमीची कारणे. ज्याला नोकरीसाठी पहाटे घर सोडून रात्री परतायचे आहे त्याने मोबाइलवर सूचना येण्याची व्यवस्था अवश्य करावी. मालकीची किल्ली मात्र त्या मोबाइलमध्ये ठेवू नये, कारण लोकलच्या गर्दीच्या डब्यात खिशातून जाणाऱ्या वस्तूंत मोबाइलचा क्रमांक पहिला आहे.

दूरस्थ यंत्राला एक सार्वजनिक बाजूही आहे. विकेंद्रित म्हणवणाऱ्या जाळ्याचे नोड जर सगळे चार-दोन कंपन्यांच्या गोदामांत बसले असतील तर ते विकेंद्रीकरण कागदावरच राहते. नोव्हेंबर २०२२ मध्ये हेट्झनर या जर्मन कंपनीने, आपल्या सेवाशर्तींत अशा कामांना मनाई असल्यामुळे, सोलाना या साखळीचे आपल्याकडील सर्व्हर बंद केले, तेव्हा हजाराहून अधिक व्हॅलिडेटर एकाएकी नाहीसे झाले. म्हणून करारातील शर्ती आधी वाचणे हे चालकाचे कर्तव्य आहे, आणि सर्वांनी जेथे जागा घेतली तेथे न घेता निराळीकडे घेणे हा जाळ्यावरील उपकार आहे. आपल्याकडे सर्ट-इन या शासकीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निदेशांनुसार व्हीपीएस पुरवणाऱ्यांना ग्राहकाचे नाव, पत्ता, दिलेले आयपी पत्ते आणि भाड्याचा कालावधी ही माहिती पाच वर्षे जपून ठेवावी लागते, आणि मोठा सायबर-प्रसंग घडल्यास सहा तासांत कळवावे लागते. ज्याला वाटते की दूरच्या यंत्रामुळे आपण अदृश्य झालो, त्याने ही तरतूद ध्यानात ठेवावी.

आता अर्थकारण, ज्यावर या लेखाचा सर्व भार आहे. वसईत बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक १९१८ पासून उभी आहे. तिच्यासारख्या संस्थेत ठेवीदाराला व्याज मिळते ते कोणी बागायतदाराने, दुकानदाराने किंवा घर बांधणाऱ्याने कर्ज घेऊन, त्यावर काही कमावून, ते परत केल्यामुळे. व्याजामागे कोणाचा तरी व्यवसाय असतो. मास्टरनोडला मिळणारे नाणे मुख्यतः नव्याने पाडलेले असते. व्यवहारशुल्काचा भाग त्यात अत्यल्प. म्हणजे ज्यांच्यापाशी मास्टरनोड नाही अशा धारकांचा हिस्सा किंचित पातळ होतो आणि तोच चालकाच्या पदरी पडतो. चलनाचा उपयोग वाढत असेल तर नवे नाणे खपते. उपयोग स्थिर असून निर्मिती चालूच राहिली तर चालकाची नाणी वाढतात आणि त्यांचे मोल घटते. सहकारी बँका बुडत नाहीत असा माझा दावा नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पीएमसी बँकेवर निर्बंध आणले आणि वसई-विरार पट्ट्यातही गृहप्रकल्प करणाऱ्या एचडीआयएलला दिलेली कर्जे लपवल्याचे उघडकीस आले, तेव्हा कष्टाच्या पैशासाठी रांगेत उभ्या राहिलेल्या ठेवीदारांचे हाल महाराष्ट्राने पाहिले आहेत. परंतु तेथे तपास करणारी यंत्रणा होती, न्यायालय होते आणि फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत ठेवीला विम्याचे संरक्षण आहे. मास्टरनोडच्या तारणामागे यांपैकी काहीच नाही.

डॅशच्या आकड्यांनी पाहू. अडीच मिनिटांना एक याप्रमाणे दिवसाला ५७६ ब्लॉक होतात. मास्टरनोड पाच हजारांच्या जवळपास असताना एकाची पाळी आठ-नऊ दिवसांनी येत असे. शिवाय ब्लॉकमागील निर्मितीच साधारण ३८३ दिवसांनी चौदाव्या हिश्शाने घटते. हे सर्व गणित आगाऊ करता येते. करता येत नाही ते भावाचे. डिसेंबर २०१७ मध्ये एक डॅश १५०० डॉलरांच्या वर गेला होता, म्हणजे एका मास्टरनोडचे तारण नऊ कोटी रुपयांहून अधिक झाले. पुढच्या डिसेंबरात तोच भाव १०० डॉलरांच्या खाली होता. वर्षभर नोड बिनचूक चालवून ज्याने सात-आठ टक्के नाणी मिळवली, त्याच्या तारणाचे मोल नव्वद टक्क्यांहून अधिक उतरले होते. आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे: डॅशच्या आरंभीच्या दोन दिवसांत, मायनिंगच्या अडचणपातळीतील दोषामुळे, सुमारे १९ लाख नाणी निर्माण झाली, जी एकूण अंतिम संख्येच्या दशांशाच्या घरात जातात. जेथे तारणच सत्ता देते तेथे प्रारंभी मूठभरांच्या हाती गेलेला हा साठा दीर्घकाळ प्रभाव टाकतो. २०१७-१८ च्या तेजीत निघालेल्या अनेक लहान मास्टरनोड-चलनांची गत याहून वाईट झाली. वर्षाला शेकडो, क्वचित हजारो टक्के परतावा दाखवणारी ती चलने नव्या नाण्यांच्या पुरातच बुडाली. शेकडो टक्के परतावा याचा अर्थ एवढाच की वर्षभरात नाण्यांची संख्या अनेक पटींनी वाढणार आहे.

महाराष्ट्राने या क्षेत्रातील कटू अनुभव घेतला तो मात्र मास्टरनोडचा नव्हे, तर ज्या यंत्रांचे कधी कोणाला दर्शनच झाले नाही अशा यंत्रांचा. गेनबिटकॉइन या योजनेत बिटकॉइन देणाऱ्याला दूरस्थ मायनिंगच्या नावाने अठरा महिने दरमहा १० टक्के परताव्याचे आश्वासन दिले जात असे. पुढे परतावा बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाच्या त्यांच्याच टोकनमध्ये देण्यात येऊ लागला, ज्याला बाजारात फारसे मोल नव्हते. पुणे पोलिसांनी एप्रिल २०१८ मध्ये तिचा प्रवर्तक अमित भारद्वाज याला अटक केली. २०२२ च्या आरंभी त्याचे निधन झाले, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने देशभरातील गुन्हे पुढे सीबीआयकडे गेले. या प्रकरणाचे व मास्टरनोडचे साम्य ‘दूर कोठे तरी यंत्र चालू आहे’ या वाक्यापुरतेच आहे, आणि तेवढ्या साम्यावर फसवणूक होऊ शकते. ज्याने स्वतः एसएसएचने आत जाऊन, स्वतःची किल्ली ठेवून, नोडची स्थिती आपल्या डोळ्यांनी वाचली आहे, त्याला असा दावा पडताळून पाहण्याचे साधन मिळालेले असते. म्हणूनच हे तंत्र शिकण्याला मी एवढे महत्त्व देतो. उत्पन्न मिळो वा न मिळो.

कायद्याची बाजू थोडक्यात. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने बँकांना आभासी चलनाच्या व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले होते. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते रद्द ठरवले. मार्च २०२३ मध्ये अशा चलनाची अदलाबदल करणाऱ्या संस्था मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आल्या. सामान्य चालकाला जाणवणारी तरतूद करांची. १९६१ च्या आयकर कायद्यात २०२२ च्या अर्थसंकल्पाने आणलेल्या ११५बीबीएच कलमाने अशा मालमत्तेच्या हस्तांतरणातील लाभावर ३० टक्के कर बसवला, आणि मूळ खरेदीची किंमत वगळता कोणताही खर्च वजा करण्यास मनाई केली; १ जुलै २०२२ पासून विक्रीवर एक टक्का कर मुळातच कापला जाऊ लागला. याचा अर्थ असा: वर्षभरात मिळालेली नाणी एक लाख रुपयांना विकली, त्यांची खरेदी-किंमत शून्य धरली गेली, तर उपकरासह ३१,२०० रुपये कर, आणि सर्व्हरचे वीस-बावीस हजार रुपये भाडे त्यातून वजा होत नाही, ते स्वतंत्रपणे खिशातूनच जाते. तारणाची नाणी पुढे तोट्यात विकावी लागली तर तो तोटा दुसऱ्या कोणत्याही उत्पन्नातून, एका चलनाचा दुसऱ्या चलनातूनही, वळता करता येत नाही आणि पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. बक्षिसाचे नाणे हाती आले तेव्हा उत्पन्न मोजायचे की विकताना, यासाठी मास्टरनोडचे नाव घेऊन केलेली तरतूद त्या कलमात नाही. म्हणून प्रत्येक पावतीची तारीख आणि त्या दिवसाचा भाव यांची वही ठेवून सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा.

या सर्वाचा विचार करता माझे मत असे बनले आहे की ज्या चलनाचा उपयोग आपल्याला स्वतःला पटला आहे आणि ज्याची नाणी आपण अन्यथाही बाळगलीच असती, त्याचाच मास्टरनोड चालवावा. केवळ परताव्याचा आकडा पाहून तारण विकत घेऊ नये, कर्ज काढून तर मुळीच नाही. नालासोपाऱ्याच्या किंवा विरारच्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, पहिल्या नोकरीतील तरुणाने चाचणी-जाळ्यावर दोन-तीन महिने नोड चालवावा. लिनक्सची राखण, फायरवॉल, किल्ल्यांचे विभाजन, सूचनांची व्यवस्था हे ज्ञान त्याला कोणत्याही कंपनीच्या सर्व्हर-विभागात कामी येईल, आणि त्यासाठी सर्व्हरच्या महिन्याच्या भाड्यापलीकडे त्याला काहीही धोक्यात घालावे लागणार नाही.

एक विषय मागे राहिला, ज्याकडे तरुण चालक क्वचितच लक्ष देतात: वारसाचा. बँकेतील ठेवीला नामनिर्देशन असते, जमिनीच्या सातबाऱ्यावर वारसांची नावे चढतात, सदनिकेचा दाखला सोसायटीच्या दफ्तरी असतो. तारणाच्या नाण्यांना यांपैकी काही लागू नाही. वॉलेटचे बारा किंवा चोवीस शब्द ज्याच्यापाशी आहेत तोच मालक, आणि ते शब्द कोणापाशीच नसतील तर न्यायालयाचा वारसदाखलाही ती नाणी हलवू शकत नाही. म्हणून ते शब्द कागदावर लिहून, पाकिटात मोहोरबंद करून, बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावेत आणि पत्नीला किंवा आई-वडिलांना त्यांचे ठिकाण सांगावे; दुसऱ्या कागदावर सर्व्हर कोणाकडून भाड्याने घेतला आहे, भाडे कोणत्या कार्डातून जाते, उत्पन्न कोणत्या पत्त्यावर जमा होते आणि करासंबंधी कोणाचा सल्ला घ्यावा, हे साध्या मराठीत लिहावे. सर्व्हर मागे चालू ठेवण्याची वारसांना काळजी नसावी, कारण भाडे थकले की यंत्र बंद होईल, नोड यादीतून बाद होईल, आणि १००० नाणी त्या शब्दांच्या मागे जेथल्या तेथे राहतील.